गळ्यातला बादशहा

१७८४ साली कलकत्त्याच्या इंग्रज सरकारनं आपल्या देशी शिपायांसाठी एक पदक काढलं. संग्राहक त्याला ‘डेक्कन मेडल’ म्हणतात. एका बाजूला शस्त्रास्त्रांच्या ढिगावर बसलेली ब्रिटानिया आहे. तिनं उजवा हात लांब करून दूरच्या एका किल्ल्याकडे पानांचा विजयहार धरला आहे आणि किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण फडकतं आहे. दुसऱ्या बाजूला सगळा मजकूर फारसीत. वरच्या हुद्द्याच्या देशी अंमलदारांना हे सोन्याचं मिळालं, बाकीच्यांना रुप्याचं. मोठ्याचा व्यास सुमारे ४० मिलिमीटर, लहानाचा ३२. ते छातीवर टाचायचं नव्हतं. पिवळ्या दोरीत ओवून गळ्यात घालायचं होतं.

सैनिकी तसबिरी पाहायचा मला जुना नाद आहे. चेहऱ्याआधी माझी नजर छातीवर जाते. कोणती फीत कोणत्या मोहिमेची, तारा कोणत्या सन्मानाचा, कोणतं पदक चितारानं मागाहून रंगवलं, हे ओळखत बसण्यात तासन्‌तास जातात. या नादात डेक्कन मेडलच्या फारसी मजकुराशी येऊन मी थबकलो आणि तेव्हापासून सैनिकाच्या छातीवरच्या पदकाची कुळी मी युरोपापेक्षा आग्र्या-अजमेरच्या दरबारात शोधतो आहे.

लढाई आपल्याला माहीत आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. १७७८ मध्ये बंगालची फौज काल्पीहून निघाली, वाटेत तिचा सेनापती लेस्ली वारला, गॉडर्डनं ती पुढं सुरतेला आणली. तोवर वडगावला मुंबईकर इंग्रजांची नाचक्की होऊन गेली होती. १७८० मध्ये गॉडर्डनं अहमदाबाद घेतलं, वर्षअखेरीला वसई. मग बोरघाटापर्यंत येऊन माघार, आणि १७८२ चा सालबाईचा तह. याच फौजेतले हिंदुस्थानी शिपाई हे पदक गळ्यात घालून आपापल्या गावी गेले. पदकावरचा तो किल्ला कोणता? साच्यातला कुठलाही किल्ला म्हणून तो सोडून देता येईल. मी त्याला वसई म्हणतो. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेली वसई ही गॉडर्डच्या हाती लागलेली सर्वांत मोलाची वस्तू होती, आणि गौरवाच्या पदकावर माणूस मोलाचंच दाखवतो.

पण किल्ल्यापेक्षा मजकूर महत्त्वाचा. त्याचा आशय असा की, ज्या शूरांनी इंग्रजांचं नाव बंगालपासून दख्खनपर्यंत नेलं त्यांचा पराक्रम जगात नाण्यांसारखा चालू राहो. हे पदक कलकत्त्याच्या सरकारनं हिजरी ११९९ मध्ये दिलं. शौर्य नाण्यासारखं चालू राहो! युरोपातल्या पदकावर कीर्ती कांस्यासारखी टिको, देव साहाय्य करो, असलं काही लिहिलेलं असतं. हा बाज फारसी लिहिणाऱ्या मुनशीचा आहे. आणि नाण्याचा उल्लेख मला नुसता अलंकार वाटत नाही.

त्या काळी हिंदुस्थानात राजा कोण हे दोन गोष्टींवरून ठरे. शुक्रवारच्या खुत्ब्यात कुणाचं नाव वाचतात आणि सिक्का कुणाच्या नावाचा पडतो. १७८४ मध्ये बंगालची दिवाणी, फौज, तिजोरी सगळं ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात होतं. तरी तिची रुप्याची नाणी मुघल बादशहा शाहआलमच्या नावानं पडत होती, त्याच्या नावाचा फारसी मजकूर मिरवत होती आणि १८३५ पर्यंत पडत राहिली. यात कंपनी एकटी नव्हती. शिवाजीमहाराजांनी राज्याभिषेकाबरोबर स्वतःच्या नावाची शिवराई पाडली होती, पण पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर अंकुशाच्या खुणेबरोबर नाव त्याच शाहआलमचं. बोरघाटात एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन्ही फौजांचा पगार एकाच बादशहाच्या नावाच्या रुपयांत होत होता.

आता ते पदक पुन्हा पाहा. आकारानं नाणं, धातूनं नाणं, मजकुराची भाषा नाण्याची आणि मजकुरात नाण्याचाच दाखला. फक्त बादशहाचं नाव नाही. त्या जागी कलकत्त्याचं सरकार आहे. माझं म्हणणं असं की कंपनीला बाजारात स्वतःच्या नावाचा रुपया चालवता येत नव्हता, म्हणून तिनं तो शिपायाच्या गळ्यात चालवला. त्या वेळचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज फारसी उत्तम जाणणारा, दरबारी रीतीरिवाजांची बारीक जाण असलेला माणूस. सिक्क्याचा अर्थ त्याला कळत नव्हता हे मी मानायला तयार नाही.

शिपायालाही तो अर्थ नवा नव्हता. गळ्यातलं नाणं आपल्याकडे घरोघर होतं. पुतळ्यांची माळ म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्याच ओवलेल्या. पण बायकोच्या गळ्यातली पुतळी ही ठेव, आणि धन्यानं गळ्यात घातलेली चकती ही निष्ठेची खूण. हा दुसरा अर्थ कुठून आला ते पाहायला १६८ वर्षं मागं जावं लागतं.

१६१६ चा ऑगस्ट. जहांगीरचा दरबार अजमेरला आहे आणि इंग्लंडचा वकील सर टॉमस रो तिथं व्यापाराच्या सवलतींसाठी ताटकळतो आहे. बादशहा त्याला एक सोन्याचं पदक देतो. त्यावर बादशहाची स्वतःची तसबीर. रोनं आपल्या रोजनिशीत हे सविस्तर लिहून ठेवलं आहे. बादशहाची तसबीर त्यानं स्वतः दिल्याशिवाय कुणालाही अंगावर घालता येत नाही, आणि मोठमोठ्या उमरावांनाही मिळतं ते इंग्रजी सहा पेन्सांच्या नाण्याएवढं पदक, डोक्याला बांधण्यासाठी चार बोटांची साखळी जोडलेलं. ही रोजनिशी १६२५ मध्ये पर्चसच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात लंडनला छापली गेली. म्हणजे हिंदुस्थानात बादशहा निष्ठावंताला काय देतो, हे इंग्रज वाचकाला डेक्कन मेडलच्या दीडशे वर्षं आधीपासून ठाऊक होतं.

ही चाल जहांगीरची नाही, अकबराची. अकबरानं निवडक दरबाऱ्यांना मुरीद करून घेतलं. शिष्यत्वाची खूण म्हणून त्यांना आपली तसबीर दिली आणि ते ती रत्नजडित आवरणात घालून पगडीवर मिरवत. इतिहासकार बदायुनीनं यावर तोंडसुख घेतलं आहे, त्यामुळे ती नोंद टिकली. जहांगीरनं पुढं हातात पेला घेतलेल्या आपल्या छबीच्या मोहरा १६११ मध्ये पाडल्या. अशा मोहरा जवळच्या माणसांना मिळत. जहांगिरी चित्रं भिंगातून पाहिली तर काही सरदारांच्या पगडीवर किंवा छातीवर मुगाएवढा एक चेहरा दिसतो. तो बादशहाचा. सरदाराच्या तसबिरीत धन्याची तसबीर! जहांगीर स्वतः अकबराची तसबीर हातात धरून उभा आहे असंही एक चित्र पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. अंगावरच्या छोट्या चकतीनं माणूस कुणाचा आहे ते सांगायचं, आणि चितारानं ती चकती मुद्दाम दिसेल अशी रंगवायची, ही जोडी मला इथं पहिल्यांदा पूर्ण झालेली दिसते.

यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत.

पहिला रोमचा. जर्मनीत क्सांटेनला सापडलेला आणि आता बॉनच्या संग्रहालयात असलेला मार्कुस काइलियुसचा स्मृतिस्तंभ पाहा. अठराव्या लीजनचा हा सेंच्युरियन इ. स. ९ मध्ये रोमन सेनापती वारुसच्या पराभवात मेला. दगडात कोरलेल्या त्याच्या छातीवर पट्ट्यांना लावलेल्या गोल चकत्या आहेत, खांद्यांजवळ गळकड्या आहेत, मनगटात कडी, डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट. चकत्यांवर मुखवटे उठावात कोरलेले. पदकांसकट काढलेली सैनिकी तसबीर याहून पुरी कुठली असणार? मी हा दगड जगातल्या थोर सैनिकी चित्रांत धरतो. पण रोमबरोबर ही चाल बुडाली. पुढची हजार वर्षं युरोपचा शिपाई छातीवर काही घालत नव्हता. कुळी सांगायची तर मधल्या पिढ्या दाखवाव्या लागतात, आणि इथं मध्ये कुणीच नाही. शूर शिपायाच्या हातात सोन्याचं कडं घालायची चाल आपल्याकडेही होती. ते कडं रोमहून आलं असं म्हणायचं धाडस कुणी करत नाही.

दुसरा डनबारचा. १६५० मध्ये क्रॉमवेलनं डनबारला स्कॉटिश फौज मोडली आणि पार्लमेंटनं अधिकारी-शिपाई सर्वांसाठी पदक काढलं. टॉमस सायमननं घडवलेलं, एका बाजूला क्रॉमवेलचा चेहरा. इंग्रज अभ्यासक इथूनच मोहिमेच्या पदकांचा वंश सुरू करतात. पण क्रॉमवेलबरोबर ही रीत गेली. त्यानंतर इंग्लंडच्या राजानं हुद्द्याचा भेद न करता सगळ्यांना दिलेलं पदक एकदम वॉटर्लूचं, १८१५ च्या लढाईसाठी. १७९८ च्या नाईलच्या लढाईत नेल्सनच्या खलाशांना मिळालं तेही त्याच्या मुखत्यारानं, डेव्हिसननं, पदरच्या पैशानं. या मधल्या काळात सबंध पलटणीला सरकारी पदक देण्याची रीत चालू राहिली ती कंपनीच्या हिंदुस्थानी फौजेत. १७८४ ला दख्खन, मग १७९१-९२ ला म्हैसूर, मग सिंहलद्वीप, १८०१ ला इजिप्त, १८११ ला जावा. म्हैसूरच्या पदकावर तर शिपाईच उभा आहे. हातात निशाण, पाय उलथलेल्या तोफेवर, मागं किल्ला. साध्या देशी शिपायाचं चित्र सरकारी पदकावर येण्याची ही पहिली वेळ असावी असं मी मानतो, आणि तसं असेल तर ती फार मोठी गोष्ट आहे. श्रीरंगपट्टणचं पदक बर्मिंगहॅममध्ये बोल्टनच्या टाकसाळीत पडलं. ते गोऱ्यांनाही मिळालं, पण राजाच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांना ते हिंदुस्थानाबाहेर घालायची मोकळीक मिळायला १८५१ उजाडलं. गळ्यातली चकती विलायतेत अजून परकी होती, याचा मला हा उत्तम पुरावा वाटतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड, आणि तो गोव्यातून येतो. सोळाव्या शतकात जर्मन राजेरजवाडे आपली छबी असलेलं सोन्याचं पदक साखळीत घालून मर्जीतल्या माणसाला देत. तेही गळ्यात मिरवायचं आणि त्यासह तसबीर काढून घ्यायची. १५७९ च्या अखेरीला आक्वाविवा आणि मोन्सेरात हे जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले आणि १५८० मध्ये अकबराच्या फत्तेपूर सीक्रीला पोचले. त्यांच्याबरोबर युरोपी चित्रं गेली. मग तसबिरीची चकती अकबराला पाद्र्यांकडूनच सुचली असेल, तर माझी कुळी अजमेरहून गोव्याला आणि गोव्याहून थेट जर्मनीला जाऊन पोचते.

यातलं निम्मं मी मान्य करतो. छोटा, हुबेहूब, नाण्यावर मावणारा चेहरा ही कारागिरी युरोपी चित्रं पाहून मुघल चितारांनी उचलली. रोनं जहांगीरला इंग्रजी लघुचित्र दाखवलं तेव्हा बादशहाच्या चितारांनी त्याच्या इतक्या तंतोतंत नकला केल्या की रो मूळ चित्र ओळखताना अडखळला. पण चेहरा कसा काढावा ही एक गोष्ट आणि तो अंगावर घातल्यानं माणूस धन्याचा मुरीद होतो ही दुसरी. जर्मन पदक ही मेहेरबानी होती. अकबराची तसबीर ही दीक्षा होती. डेक्कन मेडलला ही दीक्षाच हवी होती. परमुलखात, परधर्मी धन्यासाठी, आपल्यासारख्याच लोकांशी लढलेल्या शिपायाला कंपनी आपलंसं करू पाहत होती.

एक प्रश्न मला कुणी विचारण्याआधी मीच विचारतो. मुघली दरबाराचे रिवाज मराठ्यांनी पुष्कळ उचलले, मग मराठी सरदारांच्या तसबिरीत पदक का नाही? जेम्स वेल्सनं पुण्यात रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र पाहावं. पेशव्यांच्या अंगावर मोती आणि शिरपेच, नाना जवळजवळ साध्या पांढऱ्या वेषात. महादजींनी १७९२ मध्ये पुण्यात फर्मानबाडीचा थाट मांडून बादशहानं दिलेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रं पेशव्यांना अर्पण केली. त्या सोहळ्यात खिलत होती, फर्मान होतं, बादशहाचा चेहरा नव्हता. कारण शाहजहानच्या काळापासून तसबीर देण्याची चाल मागं पडली होती आणि मराठ्यांच्या वाट्याला मुघली रिवाज आले ते त्यानंतरचे. आपल्याकडे मान अंगाबाहेर असे: जरीपटका, चौघडा, पालखी, अबदागीर, मोर्चेल. ते चित्रात दाखवायचे तर माणसाभोवती सबंध मिरवणूक रंगवावी लागे. इंग्रजांनी मात्र मधल्या दीडशे वर्षांवरून उडी मारून जुनी जहांगिरी खूण उचलली, असा माझा तर्क आहे. ती त्यांना मुनशीनं सांगितली की पर्चसच्या पानांतून मिळाली, याचा धागा मी अजून शोधतो आहे. धागा आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

युरोपी तसबिरीत त्याच काळात काय चाललं होतं ते गोयाच्या एका चित्रावरून कळतं. असईचा विजेता आर्थर वेलस्ली आता वेलिंग्टन झाला आहे. १८१२ मध्ये माद्रिदला गोयानं त्याला रंगवलं. छातीवर बाथ, पोर्तुगालचा टॉवर अँड सोर्ड आणि स्पेनचा सान फर्नांदो असे तीन तारे. पुढं गोल्डन फ्लीस मिळाला, तो गळ्याशी चढवला. १८१४ मध्ये द्वीपकल्पाच्या युद्धाचा सुवर्णक्रूस आला, तोही चढवला. मान वाढत गेले तसा रंग पुन्हा पुन्हा लागत गेला. या गर्दीत असई कुठंच नाही, कारण असईसाठी पदकच नव्हतं. ते १८५१ मध्ये निघालं, ‘आर्मी ऑफ इंडिया’चं. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव अशा पट्ट्या त्याच्या फितीवर चढत. पण तोवर हयात असलेल्यांनाच ते मिळालं. १८०३ साली विशीत असलेला शिपाई तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. आणि या पदकावर एक चेहरा परत आला. व्हिक्टोरिया राणीचा.

गळा मात्र हिंदुस्थानी अंमलदाराकडेच राहिला. १८३७ मध्ये कंपनीनं ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ काढली. सुभेदार-जमादारांना सरदार बहादूर आणि बहादूर हे किताब आणि फितीत ओवून गळ्यात घालायचं मानचिन्ह. फीत आधी आकाशी होती. शिपायांच्या केसांच्या तेलानं ती डागाळू लागली, म्हणून वर्षभरातच गडद तांबडी केली. जुन्या पलटणींच्या तसबिरीत पांढऱ्या दाढीच्या सुभेदाराच्या गळ्याशी तो तांबडा पट्टा दिसला की मला ती पिवळी दोरी आठवते.

आणि मग १ जानेवारी १८७७. दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया कैसर-इ-हिंद झाली आणि लॉर्ड लिटननं जमलेल्या राजेमहाराजांना सोन्याची मोठी पदकं दिली. एका बाजूला राणीचा चेहरा, दुसरीकडे कैसर-इ-हिंद ही अक्षरं, आणि घालायचं गळ्यात. अजमेरला इंग्रज वकिलाच्या गळ्यात बादशहाचा चेहरा पडल्याला २६० वर्षं झाली होती. लिटनच्या डोक्यात रोची रोजनिशी असेल वा नसेल, अंगावरची तसबीर म्हणजे निष्ठा हा अर्थ त्याला पक्का कळला होता. त्या दरबाराला बडोद्याचे तेरा वर्षांचे सयाजीराव हजर होते. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात ते पंचम जॉर्जपुढं गेले तेव्हा अंगावर साधा पांढरा वेष, पुरते दागिने नाहीत, मानचिन्हं नाहीत अशी ओरड इंग्रजी वर्तमानपत्रांनी केली. घालायच्या वेळी न घातलेलं पदक किती मोठ्यानं बोलतं, हे त्या ओरडीवरून मोजता येतं.

२६ जानेवारी १९५० ला परमवीरचक्र आलं. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही बाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथली झाली, पुराणं वाचली, आणि दधीचीच्या अस्थींचं वज्र तिनं चार वेळा काशाच्या चकतीवर कोरायला दिलं. मध्ये राजमुद्रा. चेहरा कुणाचाच नाही. अकबरापासून सहाव्या जॉर्जपर्यंत पदकावर आलेला-गेलेला धनी इथं संपला. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना हे चक्र मरणोत्तर मिळालं आहे. त्यांनी ते कधी अंगावर घातलं नाही. त्यांच्या एखाद्या तसबिरीत छातीवर ते दिसलं तर ते चितारानं चढवलेलं आहे. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे हे ते जिवंतपणी मिळवणाऱ्यांतले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांसाठी त्यांनी गोळीबारात सुरुंग काढले, आडवे पाडलेले वृक्ष हटवले. त्यांच्या छायाचित्रात छातीच्या डाव्या बाजूला, ओळीत पहिली, जांभळी फीत आहे.